टिकलीची शू आणि बाईंची शिस्त



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग दिवाळी, मग पाहुण्यांचा राबता... ब्लॉगला अगदी कोळिष्टकं लागली होती. आणि आता लिहायला घेतलं आहे ते अशा विषयावर, की आमच्या नाशिकच्या वन्संचा फोन येणार हे नक्की. "वहिनी, अहो, लिहायला दुसरं काही सुचलं नाही का?"

विषय आहे शू. आमच्या टिकलीने घरात केलेली शू.

टिकली म्हणजे आमच्याकडची कुत्री. जात विचाराल तर शंभर टक्के गावठी. रंग तांबूस, कपाळावर बरोबर मधोमध पांढरा ठिपका, म्हणून नातीने नाव ठेवलं टिकली. गेल्या वर्षी आषाढातल्या पावसात समोरच्या बांधकामावर वाळूच्या ढिगाआड कुडकुडत बसली होती. नातीने ओढणीत गुंडाळून वर आणली. "आजी, फक्त आजची रात्र" असं ठरलं होतं. अशा 'फक्त आजच्या रात्री' किती लांबतात हे तुम्हाला ठाऊक आहेच!

तेव्हा ती जेमतेम दोन महिन्यांची होती. त्या वयात घरात शू होणारच, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. कुत्र्याच्या पिल्लाचं एक साधं गणित आहे. जितक्या महिन्यांचं पिल्लू, त्यात एक मिळवायचा, दिवसा फार तर तितके तास ते धरू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. तेसुद्धा कमाल, हमी नव्हे. शिवाय झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच न्यायचंच. मी घरात रिकामीच असते, त्यामुळे हे वेळापत्रक माझ्याकडे आलं. पस्तीस वर्षं शाळेची घंटा ऐकलेली बाई मी, वेळापत्रक पाळण्यात मला कोण हरवणार! दसऱ्यापर्यंत टिकली अगदी शहाणी झाली. दाराशी जाऊन बसायची आणि माझ्याकडे बघून एकदाच 'भुक्' करायची. आम्ही लिफ्टने खाली, बागेच्या कडेला, काम झालं की शाबासकी आणि एक फुटाणा. मी सगळ्यांना अभिमानाने सांगत होते, "शिस्त लावली की लागते."

आणि दिवाळीनंतर सगळं बिघडलं.

सहा-सात महिन्यांची झालेली, पूर्ण शिकलेली कुत्री एकाएकी घरात शू करायला लागली. आज दारात, उद्या सोफ्यापाशी, परवा चक्क नातीच्या गादीवर. एक दिवस तर मुलगा ऑफिसमधून आला, "काय गं टिकले!" म्हणून वाकला आणि ती त्याच्या बुटावरच... मुलगा म्हणाला, फटाक्यांची भीती बसली असेल. सूनबाई म्हणाली, लाड जास्त झाले. शेजारच्या काकांनी सल्ला दिला, "नाक घासा त्यात. दोनदा घासलं की तिसऱ्यांदा करत नाही. आमच्या गावाकडे असंच करायचे."

आता खरं सांगायची वेळ आली. मी घासलं.

एकदाच. दुपारी घरात कोणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात डबकं दिसलं. गुडघे दुखत होते, नुकतीच फरशी पुसून मावशी गेल्या होत्या, आणि माझं डोकं फिरलं. टिकलीच्या मानेला धरून तिला तिथे नेलं आणि तिचं तोंड खाली दाबलं. "हे काय आहे? हे काय आहे?" असं दोनदा विचारलं. तिने प्रतिकार केला नाही. कान मागे पाडले, शेपूट पोटाखाली घेतली, डोळे माझ्यावरून दुसरीकडे वळवले आणि तिथल्या तिथे आणखी शू केली.

त्या संध्याकाळी मुलाने आणखी एक उपाय काढला. "आई, दुपारनंतर तिचं पाण्याचं भांडं उचलून ठेवू. पाणीच नाही तर शू कुठून येणार?" हिशेब बिनचूक होता. मी भांडं उचलायला वाकलेसुद्धा. आणि मला माझी एक विद्यार्थिनी आठवली.

थोडं विषयांतर वाटेल, पण नाहीये.

१९८३ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शिकवत होते. पाचवीचा वर्ग, साठ-बासष्ट मुलं, खाली लांब बस्करं अंथरलेली. माझा नियम होता की माझ्या तासाला कोणी बाहेर जायचं नाही. एकी-दुकी सगळं मधल्या सुट्टीत. एकाला सोडलं की दहा करंगळ्या वर होतात, हे शिक्षक मंडळींना सांगायला नको. माझा वर्ग सगळ्यात शांत असायचा आणि त्याचं कौतुकही व्हायचं. त्या दिवशी शुद्धलेखन चालू होतं. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने करंगळी वर केली. मी म्हटलं, "बस खाली." थोड्या वेळाने तिने पुन्हा केली. मी बघून न बघितल्यासारखं केलं. मग शेजारच्या मुली एकदम सरकून उठल्या आणि वर्ग हसायला लागला.

मी काय केलं असेल? बाईमाणूस, स्वतःला तीन वर्षांचं मूल, तेव्हा जवळ घेतलं असेल असं तुम्हाला वाटेल. मी म्हटलं, "एवढी घोडी झालीस, लाज नाही वाटत?" आणि मधल्या सुट्टीत तिला ते बस्कर नळावर धुवायला लावलं. सगळी शाळा बघत होती. त्यात मला तेव्हा काही गैर वाटलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. मी छडी हातात घेत नसे, म्हणून स्वतःला मऊ शिक्षिका समजत होते.

पुढे २००४ साली साताऱ्यात एका लग्नात ती भेटली. वाकून नमस्कार केला. बरोबर दहाएक वर्षांची मुलगी होती. तिला म्हणाली, "या आमच्या मराठीच्या बाई." आणि मग हसत हसत मला म्हणाली, "बाई, तुमचा तास दुसरा असायचा ना? त्या वर्षी मी सकाळी घरून पाणी न पिताच यायचे."

मी "अगं बाई!" म्हणून हसले. तेवढ्यात पंगत बसत होती, मी जेवायला गेले.

वीसेक वर्षं झाली त्याला. ते वाक्य मी विसरले आहे असं मला वाटत होतं. टिकलीचं भांडं हातात घेतलं तेव्हा कळलं की विसरलेले नव्हते. भांडं धुतलं, काठोकाठ भरलं आणि जागेवर ठेवलं. मुलाला म्हटलं, "पाणी बंद करायचं नाही. बाकी काय करायचं ते बघू."

आणि इथून पुढे मी जे शिकले ते तुमच्यापैकी ज्यांच्याकडे कुत्रं आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. आमच्या ब्लॉगवाल्या मंडळींपैकी तिघा-चौघांकडे तरी आहे, हे मला माहीत आहे.

पहिली गोष्ट केली ती वही घातली. जुनी सवय! दोनशे पानी वही, त्यात रकाने. तारीख, वेळ, जागा, किती (थेंब, वाटीभर, डबकं), त्या आधी ती काय करत होती, आणि जवळ कोण होतं. हा शेवटचा रकाना का घातला ते मलाच माहीत नाही, पण त्यानेच अर्धं कोडं सुटलं. आठ दिवसांनी वही समोर ठेवून बघितली तर सरळ दोन प्रकार दिसत होते.

एक प्रकार दाराजवळचा. वेळ संध्याकाळची, जवळ माझा मुलगा किंवा कोणी पाहुणा. टिकली जागी असायची, दबकून चालत यायची, कान मागे, शेपूट खाली पण हलती, आणि कोणी वरून वाकून हात लावला की थोडी शू. माझ्यासमोर किंवा नातीसमोर असं एकदाही झालेलं नव्हतं.

दुसरा प्रकार कुठेही आणि कधीही. जवळ कोणी असो नसो. अगदी थोडीथोडी, पण दिवसातून बारा-पंधरा वेळा. खाली नेलं तरी चार ठिकाणी बसायची, वर आली की पुन्हा. झोपेतून उठली की गादी ओली. आणि मागची जागा सारखी चाटत असायची.

म्हणजे आम्ही ज्याला 'टिकलीचा उपद्व्याप' म्हणत होतो, तो एक नव्हताच. दोन वेगळ्या गोष्टी एकाच फरशीवर सांडत होत्या.

वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वही बघितली आणि हसून म्हणाले, "आजी, असे पालक मला रोज मिळोत." मग प्रश्न सुरू केले. पाणी किती पिते? ते मी मोजलेलंच होतं, सकाळी मापाने भरायचं आणि रात्री उरलेलं मोजायचं. दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास. टिकलीचं वजन नऊ किलो. डॉक्टर म्हणाले, एका किलोला दिवसाला शंभर मिलिलिटरच्या वर पाणी जायला लागलं तर मूत्रपिंड, मधुमेह अशा मोठ्या दुखण्यांचा विचार करावा लागतो, इथे तसं दिसत नाही. लेप्टोची लस झाली आहे का? झाली होती. (पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून हा रोग साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्यांच्या मूत्रपिंडावर जातो आणि माणसालाही होतो. लस चुकवू नका.) पहिल्यांदा पाळी आली का? कुत्रीची पहिली पाळी साधारण सहा महिने ते वर्ष या काळात येते आणि त्या सुमाराला ती वरचेवर शू करते. तसंही नव्हतं. लहानपणापासून झोपेत सतत थेंब थेंब गळायचं का? काही पिल्लांत जन्मतःच मूत्रपिंडाकडून येणारी नळी मूत्राशयात न उघडता पुढेच कुठेतरी उघडते. अशी पिल्लं बिचारी कायम ओली असतात आणि त्यांना बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच लागते. पण टिकली दसऱ्याला कोरडी होती, तेव्हा तेही नाही.

लघवीचा नमुना आणायला सांगितला. तो कसा मिळवला ही एक स्वतंत्र कथा आहे! वरणाचा जुना लांब दांड्याचा डाव घेऊन मी सकाळी सहा वाजता तिच्या मागे मागे फिरत होते. सोसायटीतले फिरायला निघालेले लोक वळून वळून बघत होते. नमुन्यात जंतुसंसर्गाची लक्षणं निघाली. मग कुठले जंतू आहेत आणि त्यांना कुठलं औषध लागू पडेल हे बघायला डॉक्टरांनी पोटातून सुईने थेट मूत्राशयातला नमुना घेतला. टिकलीने हूं की चूं केलं नाही, मीच डोळे मिटले. निदान झालं मूत्रमार्गाचा संसर्ग. कुत्र्यापेक्षा कुत्रीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, त्यामुळे तिला तो लवकर होतो. गोळ्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी गादी कोरडी. सूनबाई म्हणाली, "आता बंद करू या का?" मी म्हटलं, अजिबात नाही, डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुरा करायचा. अर्धवट सोडलेलं औषध जंतूंना फक्त शहाणं करतं. नंतर पुन्हा लघवी तपासली, स्वच्छ आली.

म्हणजे बघा, ज्या दुपारी मी तिचं नाक जमिनीला लावलं त्या दुपारी तिला जळजळत होतं. ती धरू शकत नव्हती. दुखणाईताला मी शिस्त लावत होते. आणि मुलाने सुचवलेलं पाणी बंद केलं असतं तर जी लघवी जंतू धुऊन बाहेर काढते तीच कमी झाली असती.

दुसरा प्रकार मात्र औषधाने जाणारा नव्हता. मुलगा आला की दारात थोडी शू चालूच राहिली. त्यावर डॉक्टर म्हणाले, हे ती मुद्दाम करत नाही, ही तिची भाषा आहे. नवजात पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे आपली आपण शूसुद्धा करता येत नाही, आई पोटाखाली चाटते तेव्हा ती होते. थोडं मोठं झालेलं पिल्लू दांडग्या कुत्र्यासमोर उताणं पडतं आणि थोडी शू करतं. त्याचा अर्थ इतकाच की मी लहान आहे, मला काही करू नकोस. माझा मुलगा सहा फूट उंच, आवाज खणखणीत, डोक्यावर हेल्मेट, आणि प्रेमाने का होईना, वरून अंगावर वाकणार. टिकली त्याला आपल्या भाषेत नमस्कार करत होती. आणि या नमस्काराबद्दल तो तिच्यावर ओरडत होता. ओरडलं की ती आणखी लहान व्हायची, म्हणजे आणखी शू. म्हणजे जितकं रागवावं तितकी फरशी ओली!

त्यावरचा उपाय अगदी बिनखर्चाचा आहे. घरात आल्यावर पहिली पाच मिनिटं तिच्याकडे बघायचंच नाही. हेल्मेट काढायचं, हातपाय धुवायचे, मग जमिनीवर बाजूला तोंड करून बसायचं आणि ती आपणहून जवळ आली की हनुवटीखाली खाजवायचं. डोक्यावरून हात न्यायचा नाही, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत. आणि शू झालीच तर काही न बोलता पुसायचं. मुलाला आधी हे फार अपमानास्पद वाटलं. "आई, माझ्याच घरात मी चोरासारखा येऊ?" मी म्हटलं, "पंधरा दिवस ये." बहुतेक पिल्लांची ही सवय वर्षाची होईपर्यंत आपोआप सुटते, फक्त आपण तिला खतपाणी घालायचं नाही.

पुसण्याबद्दलही दोन शब्द. आपण फिनेल ओततो आणि आपल्याला वाटतं वास गेला. वास आपल्या नाकापुरता जातो. कुत्र्याला फिनेलच्या खालची शू व्यवस्थित कळते आणि 'ही जागा ठरलेली आहे' असंच तो समजतो. शिवाय ज्या फिनेलमध्ये कार्बोलिक असतं ते कुत्र्या-मांजरांच्या अंगाला घातक. अमोनिया असलेलं काही वापरू नये, त्याचा वास शूसारखाच. आणि ब्लीच तर शूवर कधीच ओतू नये, त्यातून त्रासदायक वाफा निघतात. आधी जुन्या फडक्याने टिपून घ्यायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं आणि मग एन्झाइमवालं द्रावण. ते नसेल तर पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर. गादीला मी प्लास्टिकचं कव्हर घातलं, लहान मुलांच्या गादीला घालतो तसं.

आता माझं मत. (एवढं लांबण लावून शेवटी मतावर आले, सवय जात नाही!)

माझं मत असं की, शिकलेल्या जनावराने एकाएकी घरात शू केली तर तो गुन्हा नाही, तो निरोप आहे. निरोप आणणाऱ्याला मारून निरोप कळत नाही. आधी डॉक्टर, मग वही, मग आपला आवाज तपासायचा. शिक्षेचा नंबर या यादीत कुठेच नाही.

"पण तिला कळतं ना! बघा कशी अपराधी तोंड करून बसते," असं लोक म्हणतात. मीही म्हणत होते. नातीने मला २००९ सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या अमेरिकेतल्या बाईंनी केलेला. कुत्र्यासमोर खाऊ ठेवून मालक 'नाही' म्हणून खोलीबाहेर जायचा. परत आल्यावर मालकाला कधी खरं तर कधी खोटंच सांगितलं जायचं की कुत्र्याने खाऊ खाल्ला. कुत्र्याचं ते 'अपराधी' तोंड सगळ्यात जास्त दिसलं ते मालक रागावला तेव्हा, मग कुत्र्याने खाल्लेलं असो वा नसो. म्हणजे ते तोंड अपराधाचं नसतं, आपल्या रागाचं असतं. हे ऐकलं आणि मी गप्प बसले. पस्तीस वर्षांत मी अशी किती तोंडं बघून "बघा, चोराच्या मनात चांदणं" म्हटलं असेल!

कुत्र्याला शिक्षेचा संबंध लागतो तो त्या क्षणाशी. पंधरा मिनिटांपूर्वीच्या डबक्याशी नाही. तुम्ही नाक घासता तेव्हा ते 'घरात शू करू नये' हे शिकत नाही. ते शिकतं 'या माणसासमोर शू करू नये'. मग ते सोफ्याच्या मागे करतं, पलंगाखाली करतं, आणि खाली फिरायला नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही. लपायला शिकतं, एवढंच. आणि माणसाचं पिल्लू पाणी प्यायचं सोडतं.

काही जण म्हणतील, मग शिस्त नकोच का? मी शिस्तीच्या विरुद्ध झाले असं समजू नका. शिस्त हवीच, पण शिस्त म्हणजे वेळापत्रक. वेळेवर दार उघडणं ही शिस्त, आणि ती आधी आपल्याला लागते. माझ्या वडिलांच्या घरी, खेड्यात, मोत्या नावाचा कुत्रा होता. त्याने जन्मात घरात शू केली नाही, कारण तो जन्मात घरात आला नाही. अंगण त्याचं, गोठा त्याचा, सगळं गाव त्याचं. टिकलीला आपण तिसऱ्या मजल्यावर आणलं, दाराला कडी लावली आणि लिफ्टचं बटण आपल्या हातात ठेवलं. मग ती वेळेवर दाबायची जबाबदारी कोणाची? माझ्या वर्गाच्या दाराची कडीसुद्धा माझ्याच हातात होती.

आणखी एक बाजू आहे, तीही लिहिली पाहिजे. सूनबाई एका संध्याकाळी म्हणाली, "आई, तुम्ही सगळे प्रेम करता, पण पुसते कोण?" तिचं बरोबर होतं. दमून ऑफिसातून यायचं आणि पहिली गोष्ट हातात फडकं. चिडणार नाही तर काय करेल? जनावरावर दया करा असं व्याख्यान देणारे बहुतेक लोक फरशी पुसणारे नसतात. म्हणून आम्ही वाटणी केली. सकाळ माझी, दुपार माझी, संध्याकाळ मुलाची, रात्र नातीची. सूनबाईकडे काही नाही. मावशींनाही सांगितलं, ही शू तुम्ही पुसायची नाही. गंमत म्हणजे ही वाटणी झाल्यापासून टिकली सूनबाईच्याच पायाशी जाऊन झोपते, आणि सूनबाई तिला दुधावरची साय देताना मी स्वतःच्या डोळ्यांनी (ऑपरेशन झालेल्या!) पाहिली आहे.

हे सगळं लिहायचं कारण एकच. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की सहा महिने ते दीड वर्ष या वयातली बरीच कुत्री लोक सोडून देतात, आणि त्यात 'घरात घाण करतो' ही तक्रार नेहमीची. गाडीत घालून लांब नेतात आणि दार उघडून देतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० सालचा. उपाशी-तहानलं मरायची वेळ येईल अशा रीतीने जनावर सोडून देणं त्यात गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळेचा दंड लिहिला आहे दहा ते पन्नास रुपये. एका लघवीच्या तपासणीलासुद्धा त्याहून जास्त पैसे पडतात. टिकलीच्या बाबतीतही आमच्या घरात एका रात्री "कुठेतरी चांगल्या ठिकाणी देऊन टाकू" हे वाक्य उच्चारलं गेलं होतं. कोणी उच्चारलं ते लिहीत नाही. तेव्हा तिच्या मूत्राशयात जंतू होते आणि आम्हाला कोणाला ते माहीत नव्हतं.

शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली. तो कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. मी निवृत्त झाले २००९ साली. म्हणजे एका वर्षाने सुटले म्हणायचं! पण कायद्यातून सुटलं तरी आपण आपल्यातून सुटत नाही, हे चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका गावठी कुत्रीने शिकवलं.

सध्याचा अहवाल असा. गादी कोरडी आहे. दारात महिन्यातून एखाद्या वेळी दोन थेंब सांडतात, बहुधा पाहुणे आल्यावर. मुलगा अजूनही चोरासारखा घरात येतो आणि आता त्याला ते आवडायला लागलं आहे असं मला वाटतं. वही भरत आली, तरी मी ती बंद केलेली नाही. पाण्याचं भांडं जागेवर आहे.

माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी काही जणी हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे. १९८३ च्या पाचवीतली दुसऱ्या रांगेतली ती मुलगी कोणाच्या संपर्कात असेल तर तिला एवढा निरोप द्या की त्या दिवशी बस्कर बाईंनी धुवायला हवं होतं. लग्नात हे म्हणायचं राहून गेलं. पंगत बसत होती ही काही सबब नाही.

असो. दाराशी 'भुक्' झालं आहे. निघते.